बंडीचं चाक आणि मोबाइलवरचं मेकॅनिक्स

कापसाच्या दिवसांत वर्धा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर बैलांची बंडीही दिसते आणि ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरही. दोन्ही थांबलेल्या जागेवरून निघतात, तेव्हा जमिनीकडून चाकाला मिळणारं घर्षण कोणत्या दिशेला असतं? ‘घर्षण गतीला विरोध करतं, म्हणून मागच्या दिशेला’ हे उत्तर चटकन सुचतं. बंडीपुरतं ते बरोबर आहे. तिला बैल ओढतात, चाक आपणहून फिरत नाही. त्याला फिरवण्याचं काम जमीनच मागे खेचून करते. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकांना मात्र इंजिन फिरवतं. ती चाकं जमिनीला मागे ढकलतात आणि जमीन त्यांना पुढे ढकलते, म्हणजे तिथलं घर्षण पुढच्या दिशेला. साध्या ट्रॅक्टरची पुढची लहान चाकं आणि ट्रॉलीची चाकं पुन्हा बंडीसारखीच वागतात. एकाच वाहनाच्या चार-सहा चाकांवर घर्षणाच्या दोन दिशा! नियम पाठ असूनही इथे चूक होते, कारण नियम लावण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो. आपण कोणत्या वस्तूकडे पाहतो आहोत, तिला कोण हलवतंय, तिला कुणाकुणाचा स्पर्श आहे, हे ठरवावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की मेकॅनिक्समधला हा निर्णय हेच खरं अवघड काम आहे आणि व्हिडिओ नेमकं तेच काम विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतो.

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्सची धास्ती असते. या विषयात सूत्रं फार नाहीत. स्थिर वस्तूंच्या भागात तर सगळ्या बलांची बेरीज शून्य आणि सगळ्या मोमेंटची, म्हणजे फिरवू पाहणाऱ्या परिणामांची, बेरीज शून्य, एवढ्यावर बहुतेक गणितं सुटतात. बीजगणित दहावीच्या पुढे क्वचितच जातं. मग अडतं कुठे? ज्याला मुलं ‘एफबीडी’ म्हणतात त्या फ्री बॉडी डायग्राममध्ये. भिंतीला टेकवलेली शिडी, दोरीने टांगलेलं वजन, उतारावरचा ठोकळा यांपैकी एक वस्तू निवडायची, मनातल्या मनात ती बाकी सगळ्यापासून कापून वेगळी करायची आणि जिथे जिथे कापलं तिथे तिथे एकेक बाण काढायचा. जमिनीला कापलं तर जमिनीचं बल, दोरी कापली तर दोरीचा ताण. शिवाय पृथ्वीचं ओढणं. एक बाण विसरला किंवा एक जास्तीचा काढला, की पुढची आकडेमोड कितीही नेटकी असली तरी व्यर्थ. आकृती बरोबर आली तर उरलेलं काम हिशेबाचं.

आता सोयीचा विचार करू. सेवाग्रामला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या किंवा आर्वी-समुद्रपूरकडून रोज ये-जा करणाऱ्या मुलाला आयआयटीतल्या प्राध्यापकाचं व्याख्यान ऐकायला मिळेल, असं त्या काळी कुणी म्हटलं असतं तर ते खरं वाटलं नसतं. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून चालवलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमाने हे घडवलं. २०१७ मध्ये सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ सुरू झालं. आयआयटी कानपूरचे प्रा. मनोज हरबोला यांची इंजिनियरिंग मेकॅनिक्सवरची व्याख्यानं आज फुकट पाहता येतात. त्याशिवाय यूट्यूबवर हिंदीत, हिंदीमिश्रित इंग्रजीत आणि थोडंबहुत मराठीत शिकवणारे शेकडो आहेत. बारावीपर्यंत मराठीत विचार केलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्या पानावरच धाप लागते, त्याला या शिक्षकांनी मोठा आधार दिला आहे. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह भारतीय भाषांमधून इंजिनियरिंग शिकवायला परवानगी दिली, पण कागदावरच्या परवानगीपेक्षा या व्हिडिओंनी भाषेची भिंत जास्त लवकर खाली आणली, असं मला वाटतं. तेव्हा ‘व्हिडिओ वाईट’ हा इथला सूर नाही. प्रश्न त्यातल्या एका विशिष्ट जागेचा आहे. चांगल्या व्हिडिओत शिक्षकाचा हात अडखळत नाही. वजन, प्रतिक्रिया, घर्षण असे बाण अर्ध्या मिनिटात जागच्या जागी उमटतात आणि उरलेली दहा मिनिटं समीकरणं सोडवण्यात जातात. जे काम विद्यार्थ्याला येत नाही ते अर्ध्या मिनिटात उरकतं आणि जे त्याला आधीपासून येतं ते तो दहा मिनिटं पाहतो. शेवटी उत्तर जुळतं, समाधान वाटतं, पुढचा व्हिडिओ सुरू होतो.

हे समाधान फसवं असतं, याला पुरावा आहे आणि तो नेमका याच विषयातला आहे. हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गावर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोन विषयांपैकी एक होता स्थिर वस्तूंचं संतुलन, म्हणजे आपलं एफबीडीचं क्षेत्र. एका गटाला अनुभवी शिक्षकाने ओघवत्या व्याख्यानात उदाहरणं सोडवून दाखवली. दुसऱ्या गटाने तीच उदाहरणं छोट्या टोळक्यांत आधी स्वतः सोडवून पाहिली. दुसऱ्या विषयाच्या वेळी गटांची अदलाबदल केली. चाचणीत स्वतः झटापट करणारे पुढे होते, पण ‘किती शिकलो असं वाटतं?’ या प्रश्नावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. कळल्यासारखं वाटणं आणि कळणं यांची दिशा चक्क उलटी निघाली. इथे कुणी म्हणेल, की हा प्रयोग वर्गातला आहे, व्हिडिओचा नाही. व्हिडिओचाही आहे. ‘व्हेरिटासियम’ या लोकप्रिय वाहिनीचा कर्ता डेरेक मुलर याने सिडनी विद्यापीठात पीएचडी केली ती याच प्रश्नावर. न्यूटनच्या नियमांवरची स्वच्छ, सरळ समजावणारी चित्रफीत मुलांना दाखवली. मुलांनी ‘छान, सोपी, स्पष्ट’ असा शेरा दिला आणि चाचणीतले गुण जिथल्या तिथे राहिले. दुसऱ्या चित्रफितीत आधी चुकीची समजूत बोलून दाखवली होती आणि मग तिची उलटतपासणी केली होती. ती पाहून मुलं म्हणाली, ‘गोंधळ झाला’. गुण मात्र दुपटीच्या आसपास गेले.

याचं कारण डोक्यातल्या जुन्या भाडेकरूंमध्ये आहे. बलाविषयीच्या समजुती आपण शाळेत जाण्याआधीच तयार करून ठेवलेल्या असतात. १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ नावाची प्रश्नावली तयार केली. तिच्यात आकडेमोड नाही, साध्या भाषेतले प्रश्न आहेत. ट्रक आणि लहान मोटार यांची टक्कर झाली तर कुणी कुणावर जास्त बल लावलं? न्यूटनचा तिसरा नियम बिनचूक म्हणून दाखवणारी मुलंही ‘ट्रकने जास्त’ असं उत्तर देतात. खरं तर बलं समान असतात. मोटारीचं नुकसान जास्त होतं कारण तिचं वस्तुमान कमी. गुळगुळीत व्हिडिओ पाहताना जुनी समजूत कोपऱ्यात मुकाट बसून राहते, तिला कुणी हटकत नाही. ती उघडी पडते ती स्वतः बाण काढताना, कारण बाणाला लांबी द्यावी लागते आणि दिशाही. कागदावर संदिग्ध राहता येत नाही.

हाताने करून शिकावं, हा विचार वर्ध्याला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेलेली योजना आकाराला आली. सूतकताईसारखा एखादा उद्योग मधोमध ठेवायचा आणि त्याच्या अनुषंगाने गणित, विज्ञान, भूगोल शिकवायचं. योजनेवर टीकाही भरपूर झाली. उद्योगातून शाळेने आपला खर्च काढावा या कलमाला प्रा. के. टी. शाह यांनी परिषदेतच विरोध केला होता, आणि तो आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो; मुलांच्या सुतावर शिक्षकांचे पगार काढू पाहणं हे शिक्षणाचं काम नव्हे. पुढे बऱ्याच ठिकाणी टकळी फिरत राहिली आणि तिच्यातून निघायला हवे होते ते प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. पण योजनेतला अर्थकारणाचा भाग बाजूला केला तर तिचा शैक्षणिक गाभा हार्वर्डच्या निष्कर्षाशी जुळतो: आधी वस्तूशी गाठ, मग सिद्धान्त.

शिवाय वर्ध्यात ती वस्तूही हाताशी आहे. १९३८ मध्ये सुरू झालेल्या मगन संग्रहालयात चरखे आहेत. मेकॅनिक्सच्या शिक्षकाने पेटी चरख्याकडे देशभक्तीचं प्रतीक म्हणून न पाहता यंत्र म्हणून पाहावं. हाताने फिरणारं मोठं चाक माळेने, म्हणजे पट्ट्यासारख्या दोरीने, दुसऱ्या चाकाच्या लहान कप्पीला फिरवतं आणि ते दुसरं चाक दुसऱ्या माळेने चातीला, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या सळईला. पहिल्या टप्प्यात वेग समजा आठपट झाला आणि दुसऱ्यात बारापट, तर हाताच्या एका फेऱ्याला चातीचे शहाण्णव फेरे. वेग ज्या पटीत वाढला त्या पटीत टॉर्क घटला, म्हणून धावती चाती बोटाच्या नखाने थांबवता येते. आता एफबीडीचा प्रश्न विचारा: माळेच्या दोन बाजूंपैकी जास्त ताण कोणत्या बाजूला? चातीची कप्पी वेगळी काढून तिच्यावरचे बाण काढले की कळतं, जी बाजू दुसऱ्या चाकाकडे परतते ती ताणलेली आणि जी चातीकडे येते ती सैल. दोन्ही ताण सारखे असते तर चाती फिरलीच नसती. बोटाने माळ दाबून हे लगेच पडताळता येतं. पिठाच्या गिरणीचा पट्टा, मळणी यंत्राचा पट्टा, सगळ्यांना हेच लागू आहे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे लाख रुपये! खादीचं आंदोलन चालवणाऱ्यांना आपल्यापुढे यंत्ररचनेचा प्रश्न आहे हे पुरतं ठाऊक होतं.

यावर रोकडे आक्षेप निघतात. पहिला असा, की कॉलेजात शिकवणारंच कुणी धड नसेल तर व्हिडिओ हाच शिक्षक. त्याच्याकडून निर्णयाचं काम काढून घ्या म्हणणं सुस्थितीतल्या माणसाला शोभतं. आक्षेप रास्त आहे, पण त्याने क्रम बदलायला अडथळा येत नाही. प्रश्न वाचून होताच व्हिडिओ थांबवायचा, आपली आकृती शाईने काढायची आणि मग पुढे पाहून फरकाच्या जागी लाल खूण करायची. याला ना जादा डेटा लागतो ना जादा पैसे. वेळ मात्र दुप्पट लागतो, हे कबूल. दुसरा आक्षेप शिक्षकांचा: साठ मुलांच्या साठ आकृत्या कोण तपासणार? सगळ्या तपासायची गरज नाही, कारण चुका मोजक्याच असतात. वजन विसरणं, गुळगुळीत पृष्ठभागाची प्रतिक्रिया लंब न दाखवणं, घर्षणाची दिशा ठोकून देणं, दोन वस्तूंची मिळून आकृती काढताना त्यांच्या आपसातलं बलही दाखवणं, आणि दोरी ढकलू शकते असं मानणं. व्याख्यान एनपीटीईएलवर आयतं असताना तासाभरात फळ्यावर तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा वर्गातून फिरत या पाच चुका हुडकणं शिक्षकाच्या पगाराला जास्त साजेसं आहे. तिसरा आक्षेप मुलांचा आणि सगळ्यांत प्रामाणिक: विद्यापीठाच्या पेपरात ठरावीक साच्याची गणितं येतात, परीक्षेच्या आदल्या रात्री ‘इम्पॉर्टंट क्वेश्चन्स’चा व्हिडिओ पाहून विषय निघतो. निघतोही. पण पुढे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि थिअरी ऑफ मशीन्स यांचा प्रत्येक धडा एफबीडी येते असं धरूनच सुरू होतो, आणि पहिल्या वर्षी चुकवलेली अडचण तिथे नव्या सूत्रांसह पुन्हा समोर उभी राहते.

एका बाबतीत व्हिडिओला पर्याय नाही, तेही सांगायला हवं. १९८५ मध्ये साल्यूत-७ या अवकाशस्थानकात व्लादिमीर झानिबेकोव्ह या सोव्हिएत अंतराळवीराला दिसलं, की गरगरत तरंगणारा दोन पाखांचा नट थोड्या थोड्या वेळाने आपोआप उलटा होतो. याचं गणित ऑयलरच्या समीकरणांत अठराव्या शतकापासून दडलेलं होतं, तरी ते वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही. चित्रफीत पाहिली की प्रश्न मनात रुततो. अशा ठिकाणीही आधी हात चालवता येतो. वहीला रबरबँड लावून ती तीन वेगवेगळ्या अक्षांभोवती गिरकी देत वर फेकावी. दोन अक्षांभोवती ती सरळ फिरून परत येते, ज्याचं जडत्व उरलेल्या दोहोंच्या मधलं असतं त्या अक्षाभोवती मात्र हवेतच कोलांटी खाते. कोणत्या अक्षाला हे होईल ते फेकण्याआधी लिहून ठेवावं आणि व्हिडिओ त्यानंतर पाहावा.

आणि मोबाइलचा दुसरा उपयोग तर अजून फारसा केलाच जात नाही. ज्या खिशातल्या यंत्रावर मुलं व्याख्यानं पाहतात, त्याच्याच कॅमेऱ्यात बहुधा स्लो मोशनची सोय असते. काही फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपली जातात. चातीच्या कप्पीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा, चरखा सावकाश फिरवावा आणि चित्रीकरणातून चाकाच्या एका फेऱ्याला चातीचे किती फेरे होतात ते मोजावं. मग चाकांचे आणि कप्प्यांचे व्यास मोजून तोच आकडा कागदावर काढावा. मोजलेला आकडा बहुधा हिशेबापेक्षा थोडा कमी भरेल, कारण माळ घसरते. किती घसरते, माळ ओलसर केली तर किती, सैल केली तर किती, आणि घसरायला लागते त्या क्षणी दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर काय असतं, हा पुस्तकातल्या बेल्ट फ्रिक्शनच्या प्रकरणातला प्रश्न आहे.