नाव नाही, मग हाक कशी मारणार?

रिकर्शन म्हटलं की तुम्हाला फॅक्टोरियल आठवणारच. पाचचं काढायचं तर आधी चारचं काढा, चारसाठी तीनचं... फंक्शन स्वतःचं नाव घेऊन स्वतःलाच बोलावतं. सोप्पं! आता त्या फंक्शनचं नावच काढून घेतलं तर?

फंक्शनल लँग्वेजेसमध्ये अशी बिननावाची, म्हणजे अ‍ॅनॉनिमस फंक्शन्स पदोपदी लागतात. एलिक्झिरचंच घ्या. तुम्ही असं एक फंक्शन लिहून 'फॅक्ट' या व्हेरिएबलमध्ये ठेवता आणि आतून 'फॅक्ट'लाच बोलावता. कंपायलर अडवतो, म्हणतो असं व्हेरिएबलच नाही! चिडू नका, त्याचं बरोबर आहे. फंक्शन आधी तयार होतं, नाव त्याला नंतर चिकटतं. बारशाआधीच बाळाला नावानं हाक मारल्यासारखं झालं हे. त्याहून वाईट म्हणजे, 'फॅक्ट'मध्ये आधीचं एखादं फंक्शन पडून असेल तर एररही येत नाही. आतून ते जुनंच चालतं आणि तुम्ही चुकीचं उत्तर घेऊन डोकं खाजवत बसता.

मग जुगाड काय? फंक्शनला एक जादा पॅरामीटर द्या, नाव ठेवा 'मी'. एन शून्य असेल तर उत्तर एक. नाहीतर 'मी'ला बोलवा, त्याला एन वजा एक आणि पुन्हा 'मी' द्या. जे येईल त्याला एननं गुणा. बाहेरून बोलावताना पाचसोबत तेच फंक्शन पाठवा. उत्तर १२०! आतल्या कॉलमध्ये 'मी' द्यायचा राहिला, की एरर आलीच म्हणून समजा.

ही युक्ती कम्प्युटरपेक्षाही जुनी आहे. आलोंझो चर्च यांनी १९३०च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये सगळीच फंक्शन्स बिननावाची. तिथे रिकर्शन जमवणारा 'वाय कॉम्बिनेटर' हॅस्केल करी यांच्या नावावर आहे. हो, हॅस्केल लँग्वेज त्यांच्याच नावाची, आणि २००५मध्ये सुरू झालेल्या त्या स्टार्टअपवाल्या अमेरिकन कंपनीनं नाव उचललं तेही इथूनच.

एलिक्झिर ज्या अर्लँगच्या यंत्रणेवर चालतं, त्या अर्लँगनं २०१४मध्ये सतराव्या आवृत्तीत सरळ अ‍ॅनॉनिमस फंक्शनला आतल्या आत वापरायला नाव देऊन टाकलं. हसू नका, सोय झाली!

प्रोजेक्टमध्ये मात्र मॉड्यूलमध्ये नावाचंच फंक्शन लिहा, तुमच्या टीममेट्सचे हाल करू नका. 'मी'वालं आज रात्री आयईएक्स उघडून करून बघा. आधी कागदावर, तीन देऊन. सहा यायला हवेत.