बिबट्याच्या मुलखात कुत्र्याचं नाक

संगमनेरात ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची बातमी ठरलेली. फडात पिल्लं सापडतात, मादी आसपासच असते, तोड थांबते. मग पारावर एकच चर्चा: आपल्या भागात बिबटे आहेत तरी किती? संपादकांनी मला या प्रश्नामागे धाडलं. मी मात्र रमलो ते कुत्र्याच्या नाकात.

दुर्मीळ प्राणी शोधायला कुत्रा वापरणं नवं नाही. 1890 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रिचर्ड हेन्री यांनी कुत्र्याच्या मदतीने काकापो आणि किवी हे पक्षी शोधून सुरक्षित बेटावर हलवले. अमेरिकेतला टकर नावाचा कुत्रा बोटीवरून समुद्रात तरंगणारी ऑर्का देवमाशांची विष्ठा हुंगून दाखवायचा. भारतात वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ संस्थेने 2008 पासून वनखात्यांसाठी श्वानपथकं उभी केली, पण त्यांचं मुख्य काम शिकारी आणि तस्कर पकडण्याचं.

विष्ठा शोधणाऱ्या कुत्र्याला चेंडूचं वेड लागतं. ठरावीक वास सापडला की चेंडू मिळतो, एवढंच त्याला ठाऊक. तो वारा आडवा कापत चालतो. वास लागताच मान झटकन वळते, शेपूट ताठ होते, नागमोडी फेऱ्या आखूड होत जातात आणि तो विष्ठेपाशी येऊन बसतो. तोंड लावत नाही. हँडलर जागेची नोंद करतो, नमुना घेतो. विष्ठेवर आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांच्या डीएनएवरून प्राणी कोणता, नर की मादी, आधी नोंदलेलाच की नवा, हे कळतं. पिंजरा नाही, भुलीचं इंजेक्शन नाही.

अडचण शेजारच्या अकोले तालुक्यात दिसते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथे कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 बिबटे निघाले, तेही चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसं राहतात अशा शिवारात. विष्ठा तपासली तेव्हा बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा होता. म्हणजे ज्याचा माग काढायचा, त्याचं मुख्य खाद्यच माग काढणारा! शिवाय उभ्या उसात वारा खेळत नाही, लांब पट्टा अडकतो, चार पावलांवरचा कुत्रा हँडलरला दिसत नाही. अशा फडात शिकवलेलं जनावर सोडणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात ढकलणं.

म्हणून उसातल्या बिबट्यासाठी कॅमेराच बरा. कुत्र्याची खरी गरज आहे पुणे-अहिल्यानगरच्या उघड्या माळरानांवर, लांडग्यासाठी. लांडग्याची आणि गावकुत्र्याची विष्ठा माणसाच्या नजरेला सारखीच दिसते. पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं, त्यामुळे अस्सल लांडगे किती उरले हे कळणं तातडीचं आहे. मात्र रेबीज आणि डिस्टेंपर कुत्र्याकडून लांडग्याला होतात. तेव्हा माळावर नेण्याआधी श्वानाचं लसीकरण पूर्ण हवं, आणि कामावर असताना तो पट्ट्यातच हवा. एवढी शिस्त पाळायची तयारी असेल, तर वनखात्याने पहिला प्रयोग माळावरच करावा.