माया, सिट!

आई पहिल्यांदाच अमेरिकेत आमच्याकडे आली, त्याला जेमतेम चार दिवस झाले होते. जेटलॅगमुळे ती पहाटे तीनलाच उठून बसायची. त्या शनिवारी मी खाली आलो तेव्हा ती चहाचा कप घेऊन मागच्या डेकवर उभी होती. तेवढ्यात शेजारच्या बॅकयार्डमधून खणखणीत आवाज आला, "माया! नो! माया, सिट!"

आई दचकून मागच्या खुर्चीत बसलीच.

माझ्या आईचं नाव माया.

मी घाईघाईनं बाहेर गेलो आणि म्हणालो, "अगं, तुला नाही, त्यांच्या कुत्रीला म्हणाल्या त्या." बोलून झाल्यावर लक्षात आलं, की यात समजूत पटण्यासारखं काहीच नव्हतं. आई हसली. पण दुपारी मावशीला फोनवर सांगताना मी ऐकलंच, "अगं, इथं एक कुत्री आहे, माझ्याच नावाची."

मला न्यू जर्सीत येऊन बारा वर्षं होतील. उलट्या बाजूचा धक्का मी पहिल्याच नोकरीत खाल्ला होता. माझ्या मॅनेजरचं नाव टॉमी! सांगलीत आमच्या गल्लीत तीन टॉमी होते आणि तिघांनाही शेपटी होती. मीटिंगमध्ये "थँक यू, टॉमी" म्हणताना हसू दाबायला मला महिनाभर लागला. आईच्या बाबतीत मात्र हसू येईना.

रात्री सवयीप्रमाणे लॅपटॉप उघडून डेटा बघत बसलो. इथलं सोशल सिक्युरिटी खातं बाळांच्या नावांच्या याद्या जाहीर करतं, त्या थेट १८८० सालापासूनच्या आहेत. वर्षभरात निदान ५ बाळांना ठेवलेलं नाव त्यात येतं. दुसरीकडे न्यूयॉर्क शहराचं आरोग्य खातं कुत्र्यांच्या लायसन्सची माहिती खुली ठेवतं, नावांसकट. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि चकित झालो. बेला, लुना, लुसी, चार्ली, मॅक्स दोन्हीकडे हजर! इझाबेला हे २००९ आणि २०१० मध्ये अमेरिकेत मुलींचं पहिल्या क्रमांकाचं नाव होतं. तिचं लाडाचं नाव बेला, ते कुत्र्यांच्या यादीतही अगदी वर.

पूर्वी असं नव्हतं. अब्राहम लिंकन यांच्या कुत्र्याचं नाव होतं फिडो. लॅटिनमधल्या 'विश्वासू' या शब्दावरून आलेलं, खास कुत्र्याचं नाव. मग कुत्रा अंगणातून घरात आला, घरातून बेडवर चढला, तसं त्याचं नावही माणसाचं झालं. इथं ते नाव देण्यात अपमान नसतो, उलट 'हा आमच्यातलाच' असं सांगणं असतं.

आपल्याकडे ही भिंत जरा पक्की. मोत्या, खंड्या कुत्र्याचे, मनी मांजराची, सर्जा-राजा बैलांचे. पण भिंतीला भोकं आहेतच. गोठ्यात गंगा असते आणि शेजारच्या वाड्यात गंगाकाकू. जेजुरीचा वाघ्या तर माणूसच. खंडोबाला वाहिलेला, स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवण्यात धन्यता मानणारा. आणि रायगडावर समाधी दाखवतात ती वाघ्या कुत्र्याची. मुंबईत राणीच्या बागेतही वाघाच्या जोडीची नावं होती शक्ती आणि करिष्मा, त्यांच्या बछडीचं वीरा. या नावाच्या मुली माझ्या वर्गात होत्या.

आणि आपण माणसांना काय नावं ठेवली? दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू. त्यात निदान माया होती. पण मुलगाच हवा म्हणून मुलीला 'नकोशी' म्हणणारेही होते. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. गोठ्यातली म्हैस राणी आणि घरातली लेक नकोशी! आपलं नाव कुत्र्याला मिळालं यापेक्षा ते कुठल्या भावनेनं ठेवलं, हे जास्त महत्त्वाचं, असं मी स्वतःला समजावून झोपलो.

पुढच्या रविवारी शेजारीणबाई कुत्रीला घेऊन कुंपणाशी आल्या. आईचं नाव कळल्यावर बिचाऱ्या लालबुंद झाल्या. माफी मागत म्हणाल्या, "आम्ही हिला शेल्टरमधून आणलं. तिथं हिचं नाव पेनी होतं. घरी आणताना बदललं." मी आईला मराठीत सांगितलं. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांना विचार, नव्या नावाला 'ओ' द्यायला हिला किती दिवस लागले?"

"तीन-चार आठवडे," बाई म्हणाल्या, "हाक मारायची, आली की खाऊ द्यायचा."

आई हसली. "मला वर्ष लागलं. आणि खाऊ कोणी दिला नाही."

ती लग्नाआधीची शालिनी. लग्नात बाबांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'माया' लिहिलं आणि बावीस वर्षांचं नाव एका मिनिटात गेलं. सासरी हाक आली, की ही दुसऱ्या कोणाला तरी आहे असं वाटून ती कामच करत राहायची. आजीला वाटायचं, सून शिष्ट आहे. तिच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर 'शालिनी' मी कितीदा तरी वाचलं होतं. पण त्यावर एक प्रश्नही कधी विचारला नव्हता. आमच्या लग्नात बायकोचं नाव आम्ही बदललं नाही, हे मी मित्रांना अभिमानानं सांगतो. खरं कारण एवढंच, की पासपोर्ट आणि व्हिसाच्या कागदांचा घोळ नको होता.

आई कुंपणापाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "पेनी."

कुत्रीनं कान टवकारले आणि शेपटी हलवत थेट तिच्यापाशी आली.

"बघ," आई तिला कुरवाळत म्हणाली, "विसरत नाही कोणी."

आई परत जाऊन दोन महिने झाले. मागच्या अंगणातून "माया, सिट!" अजून रोज ऐकू येतं. परवा फोनवर मी आईला सहज विचारलं, "तुझ्या माहेरी तुला काय म्हणायचे गं? शालिनी की शालू?" त्यानंतर ती पाऊण तास बोलत होती. इतकं तर ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.