लेथवरील मिलिंग : कटरसाठी कॉलेटची निवड

भाईंदर पूर्व आणि मिरा परिसरातील औद्योगिक वसाहतींत लहान लहान गाळे दाटीवाटीने वसले आहेत. 2002 साली महानगरपालिका झालेल्या या शहराच्या औद्योगिक जीवनात स्टीलच्या भांड्यांच्या उद्योगाला मोठे स्थान आहे. भांड्यांना चकाकी देणाऱ्या यंत्रांचे शाफ्ट झिजतात, नवे करावे लागतात आणि त्यांवर चावीची खाच पाडावी लागते. 25 मि.मी. व्यासाच्या शाफ्टला सामान्यतः 8 मि.मी. रुंदीची खाच लागते. मिलिंग यंत्र घेण्याइतकी जागा वा भांडवल नसलेल्या कारागिरास हे काम लेथवरही करता येते. त्यासाठी कटर स्पिंडलमध्ये धरावयाचा आणि शाफ्ट क्रॉस स्लाइडवरील व्हर्टिकल स्लाइडवर बांधावयाचा. मात्र कटर कशात धरला आहे, यावर सारे यश अवलंबून असते.

चक का नको?

कटरचा दांडा कठीण व गुळगुळीत असतो. तीन जबड्यांचा चक त्यास तीनच रेषांवर पकडतो. नेहमीच्या कटरचे पीळदार दात त्यास बाहेर खेचत असल्याने तो हळूहळू सरकतो, खाच ठरल्यापेक्षा खोल जाते आणि शाफ्ट वाया जातो. कटर मध्यापासून थोडा जरी ढळला, तरी एकाच दातावर भार पडून तो मोडू शकतो. ड्रिल चक केवळ टेपरच्या घर्षणावर टिकतो. बाजूच्या धक्क्यांनी तो निसटण्याचा धोका असतो.

तीन पर्याय

मोर्स टेपरचा कॉलेट थेट स्पिंडलमध्ये बसतो व मागून ड्रॉबारने खेचला जातो. कटर बेअरिंगच्या निकट राहिल्याने थरथर कमी होते. परंतु दांड्याच्या प्रत्येक मापास वेगळा कॉलेट लागतो आणि सोडविताना ड्रॉबारवर हलका ठोका द्यावा लागतो.

ईआर कॉलेट ही पद्धत स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने 1970 च्या दशकात प्रचारात आणली. येथे पुढील नट आवळला की कॉलेट दांड्यास सभोवार पकडतो. प्रत्येक कॉलेट सुमारे 1 मि.मी. आवळला जातो. ईआर 32 संचात साधारणतः 2 ते 20 मि.मी. दांडे धरता येतात. मात्र होल्डरमुळे कटर थोडा पुढे येतो.

5सी कॉलेट मुख्यतः सळ्या व लहान जिन्नस धरण्यास उत्तम आहे. तो फारच थोडा आवळला जात असल्याने दांड्याचे माप नेमके जुळावे लागते.

निर्णय कसा करावा?

प्रथम स्पिंडलचा टेपर तपासावा. दोन-तीन ठरावीक मापांचेच कटर वापरावयाचे असल्यास मोर्स कॉलेट स्वस्त व भक्कम ठरतात. निरनिराळी कामे येत असल्यास मोर्स शँकचा ईआर होल्डर घ्यावा. तोही ड्रॉबारने आवळलेलाच असावा. प्रारंभी आपल्या कटरच्या मापांचे तीन-चार कॉलेट पुरेत.

ईआर कॉलेट आधी नटमध्ये अडकवून मगच होल्डरमध्ये बसवावा, रिकामा कधीही आवळू नये. टेपर व कॉलेट पुसून घ्यावेत, काप उथळ ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा अवश्य लावावा. मोडलेला कटर पुन्हा विकत मिळतो. दृष्टी मिळत नाही.