वेग कशाचा मोजायचा?

‘हायस्पीड नेटवर्कमध्ये वेगाने काय जाते?’ असे नववीच्या वर्गात विचारून पाहा. ‘सिग्नल’ हे उत्तर हमखास येते. पण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. हवेतून जाणारी रेडिओलहर जवळजवळ ३ लाख. शर्यत लावली तर तंतू हरेल! मग दूरसंचाराने तंतू का निवडला?

उत्तर शोधायला पुणे जिल्हा पुरेसा आहे. नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र ‘विक्रम’ सुरू झाले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. जाऊन-येऊन ७२,०००, म्हणजे पाव सेकंद. बोलणे जाऊन उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद जाई आणि दोन्हीकडची माणसे एकदमच बोलू लागत. पुढे १९७९ साली पुण्यातच दोन टेलिफोन एक्सचेंज प्रकाशीय तंतूने जोडली गेली. भारतातील ही अशी पहिलीच जोडणी.

आता शिरूर तालुक्यातले भीमाकाठचे वडगाव रासाई घेऊ. पुण्यापासून तिथवर तंतू ५० किलोमीटर लांब आहे असे समजा. प्रकाश सेकंदाच्या चार हजाराव्या भागात पोचेल. चांगल्या तंतूत दर किलोमीटरला साधारण साडेचार टक्के प्रकाश विरतो, तरी शेवटी दहावा हिस्सा उरतो. (साडेचार गुणिले पन्नास का करायचे नाही? चक्रवाढ व्याजाचे सूत्र उलटे वापरून मुलांकडून सोडवून घ्यावे.)

पण खरी गोष्ट क्षमतेची आहे. पाटाचे पाणी शेतात किती वेळात पोचले हे वेगळे आणि आवर्तनात एकूण किती मिळाले हे वेगळे. एफ.एम. रेडिओच्या लहरीची कंपने सेकंदाला सुमारे १० कोटी. तंतूतल्या अवरक्त प्रकाशाची सुमारे १९४ लाख कोटी. त्यामुळे हा प्रकाश सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद करून १ आणि ० पाठवता येतात. शिवाय एकाच तंतूतून अनेक ‘रंग’ एकमेकांत न मिसळता जातात. ‘हायस्पीड’ म्हणायचे ते याला.

ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. उद्दिष्ट प्रत्येकी १०० मेगाबिटचे. वर्गातल्या ४० मुलांनी प्रत्येकी ५ मेगाबिटचा व्हिडिओ उघडला तर लागतील २००. चित्र अडखळते ते वाटा अपुरा पडतो म्हणून. प्रकाश दमत नाही. तेव्हा शाळेसाठी जोडणी घेताना ‘स्पीड किती?’ एवढेच विचारून भागत नाही. ती कितीजणांत वाटली जाणार आणि शेवटचा टप्पा तंतूचा आहे की तांब्याच्या तारेचा, हेही विचारावे.

वेळेचे महत्त्व मात्र संपलेले नाही. आर्वीपासून फार दूर नसलेल्या खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संदेश तंतूंतूनच केंद्रात येतात. दर १० किलोमीटरला सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाचा उशीर होतो. तो जुळवण्यासाठी तिथे जवळच्या अँटेनांचे संदेश मुद्दाम थांबवून ठेवावे लागतात.