न्याय पीडिताला विचारून

न्यूझीलंडमध्ये १४ ते १७ वर्षांच्या मुलानं चोरी केली, मारहाण केली, की त्याचा पुढचा मार्ग बऱ्याचदा एका बैठकीत ठरतो. १९८९ च्या कायद्यानं आणलेली ही ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’. खून आणि सदोष मनुष्यवध यांना ती लागू नाही. मुलगा, घरचे, पोलीस, समन्वयक आणि ज्याला झळ बसली तो पीडित, असे सगळे समोरासमोर बसतात. गैरसमज सर्वाधिक आहेत ते पीडिताविषयी.

‘पीडिताला त्या मुलाचं तोंडही पाहायचं नसतं,’ असं सर्रास म्हटलं जातं. गॅब्रिएल मॅक्सवेल आणि अ‍ॅलिसन मॉरिस यांनी सुरुवातीच्या काळात या बैठकांचा अभ्यास केला, तेव्हा पीडित किंवा त्यांचा प्रतिनिधी हजर होता तो जेमतेम ४१ टक्के बैठकांना. पण मुलाला भेटायचंच नाही, असं सांगणारे पीडित होते फक्त ६ टक्के! बाकीच्यांपैकी कितीतरी जणांना बोलावणंच गेलं नव्हतं, कुणाला अगदी ऐनवेळी कळलं, कुणाला वेळ सोयीची नव्हती. दोष आयोजनाचा, आणि खापर पीडितांवर. हे मला अन्यायाचं वाटतं.

पीडिताला माफी द्यावीच लागते, हेही खरं नाही. आधी पोलीस घटना वाचून दाखवतात. मुलानं ती नाकारली तर बैठक पुढे जात नाही. कबूल केली तर पीडित बोलतो: काय गेलं, घरात कशी भीती बसली, रागही. मग मुलाच्या घरच्यांना एकांत देतात. भरपाई, श्रमकाम, माफी असा आराखडा घेऊन ते परततात. पीडिताला तो पटला नाही, तर तसं तो स्पष्ट सांगू शकतो. एकमत झालं नाही, तर प्रकरण परत पोलिसांकडे किंवा कोर्टाकडे जातं. पीडिताला सोबत आपलं माणूस आणता येतं, प्रतिनिधी पाठवता येतो, पत्रही देता येतं.

मात्र भेट झाली की मन हलकं होतंच, हा भाबडा समज आहे. त्याच अभ्यासात सुमारे ६० टक्के पीडितांना बैठक उपयोगी वाटली, पण सुमारे एक चतुर्थांश पीडितांना नंतर अधिकच वाईट वाटलं. कुणाला माफी वरवरची वाटली, कुणाला मनातलं नीट बोलताच आलं नाही. म्हणून समन्वयकानं आधी पीडिताला भेटावं, काय होईल ते सांगावं, त्याच्या सोयीची वेळ विचारावी आणि त्यानं ‘नको’ म्हटलं तर ते निमूटपणे मान्य करावं.