जगण्यातली साक्ष (४) : फुलहॅमहून केडगावला

१८८३ साली पंडिता रमाबाई वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पोहोचल्या, तेव्हा भागवत त्यांना मुखोद्गत होते आणि कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांच्या नावामागे होत्या. वादात त्यांना हरवून ख्रिस्ती करणे कुणालाही सोपे नव्हते. झाले ते निराळेच.

इंग्लंडमधील वाँटेजच्या ज्या ख्रिस्ती जोगिणींकडे त्या राहिल्या, त्यांची एक शाखा लंडनच्या फुलहॅम भागात होती. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. त्या स्त्रियांची मायेने चाललेली सेवा पाहून रमाबाई चकित झाल्या. यांच्यासाठी तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, गावाने नावे ठेवलेल्या त्या बाईशी येशू आपणहून बोलतो. रमाबाईंचे मन तिथे वळले. बुद्धीची खात्री नंतर झाली, तीही काशीच्या नीलकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या पुस्तकाने. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आधी काम दिसले, मग प्रश्न पडला आणि त्यानंतर पुस्तक उघडले. हा क्रम रमाबाई विसरल्या नाहीत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. उच्चवर्णीय विधवांच्या या शाळेत कुणावर धर्म लादायचा नाही, असे ठरलेले होते. रमाबाईंनी ते पाळले. मात्र स्वतःची श्रद्धा लपवली नाही. मुलगी मनोरमेसह त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, तेव्हा दार उघडे असे. ज्यांना वाटे त्या मुली आत येऊन बसत.

या उघड्या दारावरूनच वादळ उठले. ‘केसरी’ या वृत्तपत्राने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे शाळेचे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. दार लावून घेतले असते, तर शाळा शांतपणे चालली असती. पण मुलींना स्वातंत्र्य द्यायचे आणि स्वतः चोरून प्रार्थना करायची, हे रमाबाईंना मान्य नव्हते. ते स्वातंत्र्य खरे होते, याचा पुरावा सदनातच मिळतो. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, म्हणजे बाया कर्वे झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. किशोरवयात दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांनी आईवडिलांचे मरण पाहिले होते, त्यामुळे भुकेची ओळख त्यांना कुणी करून द्यावी लागली नाही. तिथून त्यांनी शेकडो मुली आणि बायका आणल्या. दौंडजवळच्या केडगावात शाळेच्या उत्पन्नासाठी जमीन घेतलेली होती, तिथे ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातूनही मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या पोटांना पुरेल असे पाणी, धान्य, अंथरूण-पांघरूण रोज जमवायचे होते. शिवाय प्रत्येकीच्या हाताला काम हवे, हा रमाबाईंचा आग्रह. कुणी मागावर बसे, कुणी शेतात राबे, कुणी छापखान्यात खिळे जुळवी. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण होते.

याच आवारात कृपा सदन होते. फुलहॅमला ज्या स्त्रियांची सेवा पाहून रमाबाई थबकल्या होत्या, तशाच स्त्रियांसाठी. त्यांना वेगळे पाडणाऱ्या जगापुढे रमाबाईंनी येशूविषयी व्याख्याने दिलीच. पण कृपा सदनात आलेल्या बाईला आधी जेवण, कपडे आणि निजायला जागा मिळे.

अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. शिक्षण न मिळालेल्या बाईलाही ते कळावे, ही त्यांची अट होती. काम हातावेगळे झाले आणि थोड्याच काळात, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचे निधन झाले. ग्रंथाची छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली.

पुढील आठवड्यात : रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंनी काही वर्षे वेगळे राहून काय पाहिले आणि काय पारखले.